'इच्छामरण' या विषयावर टीव्हीच्या चर्चेला बोलावलंय. जाऊ का?

आयसीयू_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी सिस्टर आहे, नोकरीचा बराचसा काळ मेडिकल आयसीयूमध्ये गेला. परवा एका मराठी वाहिनीवरून फोन आला. रविवारी रात्रीच्या चर्चेचा विषय आहे 'इच्छामरण: हक्क की पाप?' एक वकील, एक डॉक्टर, एक महाराज, एक सामाजिक कार्यकर्त्या आणि 'प्रत्यक्ष सेवा करणारी व्यक्ती' म्हणून मी. माझं नाव ओळखीच्या एका डॉक्टरांनी सुचवलं.

फोनवरची मुलगी नीट बोलत होती. पण तिचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, तुम्ही बाजूने की विरोधात?" मी म्हटलं, असं एका शब्दात नाही सांगता येणार. त्यावर ती म्हणाली, "चालेल मॅडम, पण साधारण कुठल्या बाजूला धरू?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

मी कुठल्या बाजूची? आमच्याकडे एक आजोबा होते. फुप्फुसाचा जुना आजार, पुन्हा पुन्हा व्हेंटिलेटर, शेवटी गळ्याला छेद देऊन ट्यूब. शुद्धीत होते, पण बोलता येत नव्हतं. मोठा मुलगा रोज सांगून जायचा, "सिस्टर, सगळं करा, काही कमी पडू देऊ नका." धाकटा रात्री एकटा यायचा आणि दारातच विचारायचा, "त्यांना त्रास होतोय का?" सक्शन करताना, म्हणजे ट्यूबमधला कफ यंत्राने ओढून काढताना, आजोबा माझं मनगट घट्ट धरायचे. एकदा त्यांच्या हातात पॅड आणि पेन दिलं. त्यांनी काहीतरी लिहिलं. मला ते 'घरी' वाटलं, मोठ्या मुलाने 'पाणी' वाचलं. मी ओल्या कापसाने ओठ पुसले आणि कागद फाइलला लावून ठेवला. आता यात हक्क कुठला आणि पाप कुठलं?

दुसरी गोष्ट टीव्हीवर मी कधीच ऐकलेली नाही. पैसे संपले म्हणून घरी नेलेले पेशंट. आमच्या भाषेत 'लामा', काही हॉस्पिटलांत 'डामा' म्हणतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घेतलेला डिस्चार्ज. अँब्युलन्समध्ये अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी, दाबत न्यायचं, घरी पोचल्यावर बॅग थांबते. त्या सहीच्या कागदावर 'आर्थिक कारणास्तव' असं लिहायला पेन उचलत नाही अशी माणसं मी पाहिलीत. पेशंटची इच्छा काय होती हे त्या गडबडीत कोणी विचारत नाही. हे मला सांगायचंय. फार वर्षांपासून सांगायचंय.

अरुणा शानबाग यांचं नाव निघणारच. त्या आमच्यातल्याच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात त्या नर्स होत्या. 1973 मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या पुन्हा नीट शुद्धीवर आल्याच नाहीत, 2015 मध्ये त्या गेल्या. एवढा काळ त्यांना सांभाळलं ते केईएमच्या सिस्टर्सनी आणि स्टाफने. त्यांना मरण येऊ द्यावं अशी मागणी कोर्टात झाली होती, त्यावरच्या 2011 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार केईएमच्या स्टाफचा मानला. त्या निर्णयाबद्दल कोणाचं मत काही असो, सेवा करणाऱ्या माणसांचं म्हणणं तिथे ऐकलं गेलं. टीव्हीवर मात्र त्या खुर्चीत आमच्यापैकी कोणी बसलेलं मला आठवत नाही. म्हणून जावंसं वाटतं. आणि हल्लीच्या चर्चा बघून भीतीही वाटते.

अशा कार्यक्रमाला कोणी गेलंय का? आत नेमकं काय होतं? पेशंटची ओळख न उघडता कसं बोलायचं? स्पष्ट सांगा.

कोकणकडा

ताई, जाऊ नका. खिडक्यांमध्ये आठ तोंडं, एकाच वेळी सगळी ओरडतात, अँकर सगळ्यांत जास्त. तुमचं आजोबांचं वाक्य अर्धं होईल आणि महाराज सुरू होतील. त्यापेक्षा इथेच लिहा, आम्ही वाचतो.

पडद्यामागचा

सिस्टर, मी अशा कार्यक्रमांसाठी पाहुणे ठरवण्याचं काम बरीच वर्षं केलं. आम्हाला गेस्ट कोऑर्डिनेटर म्हणतात. तुम्हाला फोन करणाऱ्या मुलीच्या जागी मी होतो असं समजा. माझं मत आधीच सांगतो: जा. पण जायच्या आधी विषयाचं वाक्य बदलून घ्या. बाकीची सगळी तयारी त्याच्यानंतरची.

ती मुलगी 'कुठल्या बाजूला धरू' असं का विचारते ते समजून घ्या. तिच्यासमोर दुपारपर्यंत भरायचा तक्ता असतो. मधे अँकर, डावीकडे बाजूने, उजवीकडे विरोधात. एक बाजू रिकामी राहिली तर संध्याकाळी तिला बोलणी बसतात. ज्याचं मत एका ओळीत मावतं तो पाहुणा पटकन मिळतो आणि पडद्यावर शोभतो. ज्याला 'अवलंबून आहे' म्हणायचंय त्याला कुठे बसवायचं हे तक्त्यात नसतंच. तुम्ही 'एका शब्दात नाही सांगता येणार' म्हणालात आणि तरी तिने फोन ठेवला नाही, याचा अर्थ तुम्ही त्यांना हव्या आहात. वकील आणि डॉक्टर त्यांच्या यादीत ढिगाने असतात. रात्रपाळी केलेली सिस्टर नसते. ही तुमची ताकद आहे, ती आत्ता वापरा. एकदा गाडीत बसलात की ती संपली.

आता वाक्याबद्दल. 'हक्क की पाप' या प्रश्नात तुमच्या आजोबांना जागाच नाही. त्यांच्या खोलीत कोणी हक्क मागत नव्हतं आणि कोणी पाप करत नव्हतं. तिथे प्रश्न असा होता की माणूस शुद्धीत असताना निर्णय कोण घेतंय. तो प्रश्न वाहिनीला द्या. 'शेवटच्या आजारात निर्णय कोणाचा?' असं काहीतरी. वाद त्यातही भरपूर होतो, महाराजांनाही बोलता येतं, आणि तुम्हाला 'बाजू' घ्यावी लागत नाही. मी स्वतः अशी वाक्यं संपादकांकडून बदलून घेतली आहेत. दुपारी चारच्या आत फोन केला तर बदलतं, कारण तोपर्यंत ग्राफिक्सवाल्यांनी पट्ट्या तयार केलेल्या नसतात. खाली जी मोठ्या अक्षरांतली ओळ दिसते ती अॅस्टन. पाहुणा काय बोलला यापेक्षा लोकांच्या ती लक्षात राहते, विशेषतः आवाज बंद करून बघणाऱ्यांच्या. स्वतःच्या नावाखाली काय लिहिणार हेही विचारून घ्या. 'इच्छामरणाच्या समर्थक' असं आलं तर पुढे तुम्ही काहीही बोला, लोकांनी ते वाचलेलं असतं.

वेळेचं गणित सांगतो. जाहिरातींना नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटं. राहिली 48. त्यातून अँकरची सुरुवात, एखादी तयार चित्रफीत आणि प्रत्येक ब्रेकनंतरची उजळणी काढा. पाच पाहुण्यांना मिळून अर्धा तास आला तरी खूप. म्हणजे तुम्हाला सलग असं कधीच नाही, तुकड्यातुकड्यांत पाच-सहा मिनिटं. पहिला तुकडा साधारण दीड मिनिटाचा असतो आणि तो बहुतेक कोणी तोडत नाही, कारण अँकरलाही पाहुणा कसा आहे ते बघायचं असतं. आजोबांचा कागद त्यात सांगा. प्रस्तावना नको, 'सर्वप्रथम वाहिनीचे आभार' नको. 'मला घरी वाटलं, मुलाने पाणी वाचलं' इथूनच सुरुवात करा. मी अनेक चर्चा कंट्रोल रूममधून पाहिल्या आहेत. एखादा पाहुणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली छोटी गोष्ट सांगायला लागला की आतली माणसंसुद्धा पाहुणा बदलायचं बटण दाबायची थांबतात. मताला कोणीही मधे अडवतं. अशा गोष्टीला अडवणं अवघड जातं.

शक्य असेल तर स्टुडिओत जा, घरून व्हिडिओ कॉलवर नको. घरून बोलताना आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे तुम्ही मधे बोलायला गेलात की तोपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो, आणि तुमचा आवाज कंट्रोल रूममधून एका बटणाने बंद होतो. तुम्हाला ते कळतही नाही. स्टुडिओत टेबलाशी बसलेल्या माणसाकडे अँकरला बघावं लागतं. हात थोडा वर केलात तरी पुरतं. कानात यंत्र घालतील, त्यातून प्रोड्यूसर बोलतो. 'मॅडम, जरा आक्रमक व्हा', 'महाराजांना उत्तर द्या' असं येईल. ऐकायचं आणि सोडून द्यायचं. ते ऐकलंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

लामाबद्दल जे लिहिलंत ते दुसऱ्या तुकड्यासाठी ठेवा. मी केलेल्या कुठल्याच चर्चेत हा मुद्दा आलेला मला आठवत नाही, आणि माझ्या दृष्टीने तुम्ही जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेच. पैशांअभावी रोज होणारे निर्णय बाजूला ठेवून आपण देवाला काय वाटेल यावर तास घालवतो. तिथे बसून कोणीतरी हे बोललं पाहिजे.

कोकणकडा म्हणतात ते चूक नाही. आरडाओरडा असतो. पण या प्रकारच्या कार्यक्रमाला तो जन्मापासून चिकटलेला नाही. ऑस्ट्रियात 1976 मध्ये 'क्लब 2' सुरू झाला आणि त्याच धर्तीवर ब्रिटनच्या चॅनल 4 वर 1987 मध्ये 'आफ्टर डार्क'. रात्री उशिरा, थेट प्रक्षेपण, सोफ्यावर बसलेली माणसं, समोर प्रेक्षक नाहीत, आणि मुख्य म्हणजे संपायची वेळ ठरलेली नाही. बोलणं संपलं की कार्यक्रम संपला. तिथेही भांडणं झाली, पण भांडण होऊन गेल्यावर माणसं पुन्हा बोलायला लागायची, कारण वेळ होता. आपल्याकडे भांडण पेटतं नेमकं त्याच क्षणी ब्रेक घेतात. माणूस शांत होऊन 'तुमचं हे पटलं' म्हणायच्या बेतात येतो तोवर पुढच्या कार्यक्रमाची वेळ झालेली असते. नैतिक प्रश्नावर माणसाचं मत हललं तर ते याच शेवटच्या टप्प्यात हलतं, आणि तोच टप्पा आपण छापून टाकलेल्या वेळापत्रकात बसवत नाही. हे मला तेव्हाही खुपायचं, आजही खुपतं.

नोटीस_पिरियड

सिस्टर, मी वकील आहे. पॅनेलवर दुसरे वकील असतीलच, तरी तुमच्याकडे पक्की माहिती असू द्या, कारण या विषयावर बोलताना भलभलती विधानं होतात आणि अँकर ती दुरुस्त करत नाही.

औषध किंवा इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणं आपल्याकडे गुन्हा आहे, आजही. परवानगी आहे ती बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवायला किंवा सुरूच न करायला. तुम्ही म्हणता त्या 2011 च्या निकालाने हे पहिल्यांदा मान्य केलं, पण प्रत्येक वेळी हायकोर्टाची मंजुरी लागेल असं सांगितलं. 9 मार्च 2018 ला कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे आपण सांगू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, त्याला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती. व्यवहारात ते जवळपास अशक्य होतं. जानेवारी 2023 मध्ये कोर्टाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. उपचार थांबवताना हॉस्पिटलचं एक मंडळ आणि नंतर दुसरं मंडळ मत देतं, त्यात किमान पाच वर्षं अनुभव असलेले डॉक्टर असावे लागतात आणि प्रत्येक मंडळाचं मत शक्यतो 48 तासांत अपेक्षित आहे.

तुमच्या आजोबांच्या बाबतीत यातलं काही लागायची गरजच नव्हती. शुद्धीत असलेल्या, समज शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहेच, आणि तो मुलांच्या मतावर अवलंबून नाही. ही एक गोष्ट तुम्ही टीव्हीवरून लोकांपर्यंत पोचवलीत तरी मोठं काम होईल. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या कुटुंबांनाही हे माहीत नसतं.

पेशंटच्या ओळखीबद्दल: नाव, गाव, हॉस्पिटल, वर्ष, नेमका आजार, मुलं काय करतात, यातलं काहीच नको. 'एक वयस्कर गृहस्थ' एवढं पुरे. तो फाइलमधला कागद दाखवायचा नाही, त्याचा फोटोही नाही. हॉस्पिटलला लेखी कळवा आणि कार्यक्रमात 'मी वैयक्तिक बोलते आहे' असं एकदा म्हणा. तुमचं बोलणं तोडूनमोडून दाखवलं तर आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. केबल टीव्हीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे त्यांना 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

माळावरची

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, मी फक्त बघणारी. आमच्या आईच्या शेवटच्या आजारात आम्ही तीन भावंडं एकमेकांशी बोलायची बंद झालो होतो. ट्यूब घालायची की नाही, यावरून. त्या दिवसांत एका रात्री अशीच एक चर्चा लागली होती. सगळे ओरडत होते. पण त्यात एक बाई होत्या, त्यांनी एवढंच सांगितलं की माझा नवरा आजारी पडायच्या आधीच मी त्याला विचारलं होतं, तुला काय हवंय. बस. पुढे त्यांना कोणी बोलू दिलं नाही. माझ्या भावाने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "आपण आईला विचारलंच नाही ना अजून." आई तेव्हा बोलू शकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही गेलो. तिने आमच्यापेक्षा शांतपणे उत्तर दिलं, काय ते आमच्यातच राहू दे.

सिस्टर, तुम्हाला दीड मिनिट मिळो नाहीतर अर्धं. जा.

आयसीयू_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. माळावरची ताई, तुमचं लिहिलेलं आमच्या ड्यूटी रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं.

काल दुपारी त्या मुलीला फोन केला. मी म्हटलं, 'हक्क की पाप' या विषयावर मी येणार नाही, 'शेवटच्या आजारात निर्णय कोणाचा' असेल तर येते, आणि येईन ती स्टुडिओतच. तिने तासाभराने उलटा फोन केला. वाक्य बदललंय. 'कोणत्याही बाजूला धरू नका, नावाखाली फक्त अतिदक्षता परिचारिका लिहा' हेही मान्य झालं. तीच म्हणाली, "मॅडम, माझी आजी व्हेंटिलेटरवर होती मागच्या वर्षी." बराच वेळ बोललो मग. मेट्रनबाईंना अर्ज दिलाय, त्यांनी लगेच सही केली आणि वर सांगितलं, लामाचं नक्की बोल.

कोकणकडा, तुमची काळजी पोचली. ओरडायला लागले तर मी गप्प बसेन, पण उठून जाणार नाही.

नोटीस पिरियड, एक विचारायचं होतं. हे सगळं वाचून मी आणि माझ्या यजमानांनी आमचे स्वतःचे निर्देश लिहून ठेवायचं ठरवलंय. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्याच दोन सिस्टर्स चालतील का? आणि कागद ठेवायचा कुठे?

नोटीस_पिरियड

साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत असा निकालाचा रोख आहे. उद्या तुम्ही त्याच हॉस्पिटलात भरती झालात तर तुमच्या सहकारी त्यात अडकतील, त्यामुळे त्या नकोत. शेजारी किंवा जुने स्नेही घ्या. तुमच्या वतीने कोण बोलणार ते नाव कागदात हवंच. 2023 पासून एकापेक्षा जास्त नावं देता येतात, तेव्हा यजमानांबरोबर एखादं तरुण नावही घाला. प्रत त्या सगळ्यांना द्या, घरच्या डॉक्टरांना द्या. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची तरतूद आहे, ती देऊन पोच घ्या. मसुदा केलात की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून देतो.